एअरबॅग नसलेल्या सात गाड्या

आठवड्यातून एखादा तरी माणूस माझ्या गॅरेजात येतो, किल्ली फिरवतो, मीटरमधल्या लाल दिव्याकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, मिस्त्री, एवढा दिवा तेवढा घालवा. त्या दिव्यात एक बसलेला माणूस असतो आणि त्याच्या पोटापुढं एक गोळा असतो. एका आजींनी मला विचारलं होतं की हा बाबा कलिंगड घेऊन कुठं निघालाय. मी सांगितलं, आजी, कलिंगड नाही, ती एअरबॅग आहे, धडक झाली की तोंडापुढं येणारी उशी. आजींना ते काही पटलं नाही. उशी असली तर असू दे की, तिला दिवा कशाला, असं म्हणून त्या शेवटपर्यंत त्याला कलिंगडच म्हणत राहिल्या.

मी अंबादास. सोलापुरात होटगी रोडला माझं गाड्यांच्या वायरिंगचं गॅरेज आहे. इंजिन, गिअर, ब्रेक ही दुसऱ्यांची कामं. माझ्याकडं फक्त वायर, दिवे, हॉर्न आणि हल्ली त्यात भर पडलेले कॉम्प्युटरचे डबे. आमच्या घरात तेलुगू बोलतात, गिऱ्हाइकाशी मी मराठी बोलतो आणि शेजारचे शौकतभाई, जे सीटकव्हर शिवतात, त्यांच्याशी बोलताना जी जिभेवर येईल ती भाषा. वडील विणकर, मागावर होते, दोन भाऊ मागावर गेले, मला मात्र लहानपणापासून वायरचा नाद. आता गुडघ्यांनी संप पुकारलाय, तरी स्टिअरिंगखाली डोकं घालून अर्धा तास उताणं पडायला मला अजून जमतं.

दिवाळी अंकवाल्यांनी लिहायला सांगितलं तेव्हा म्हणाले, धंद्यातल्या गमती लिहा. गमतींना काय तोटा. पहिली गमत माझीच फजिती आहे.

आम्ही जुने वायरमन एका गोष्टीवर जगलो, ती म्हणजे टेस्ट लॅम्प. एक छोटा बल्ब, त्याला दोन वायरी. कुठंही शंका आली की लावायचा, बल्ब पेटला म्हणजे करंट आहे. चाळीस-पन्नास रुपयांची वस्तू, पण तिच्या जोरावर मी अख्खा संसार केला. एअरबॅगच्या गाड्या नवीन नवीन यायला लागल्या तेव्हाची गोष्ट. एका गाडीचं स्टिअरिंग उघडलं, आत पिवळी वायर दिसली. पिवळी वायर म्हणजे हात लावू नको, हे कंपनीवाल्यांनी जगभर ठरवून ठेवलं होतं, फक्त मला कुणी कळवलं नव्हतं. मी आपला सवयीनं टेस्ट लॅम्प लावला.

बल्ब पेटला की नाही ते मला आजपर्यंत माहीत नाही. मी सीटवरून मागं फेकला गेलो होतो, चष्मा मागच्या सीटवर, मनगट भाजलेलं, कानात नुसतं कुंईऽऽ आणि डोक्यापासून पोटापर्यंत पांढरी पावडर. शौकतभाई शेजारून सुई हातात तशीच धरून धावत आले. त्यांना वाटलं सिलिंडर गेला. मी जिवंत आहे हे बघितल्यावर म्हणाले, "क्या मियाँ, पिठाच्या गिरणीत नोकरी लागली काय?" तीन दिवस मला डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. बायको म्हणाली, तसाही कुठं ऐकत होतास.

त्या दिवशी मला एअरबॅगची ताकद कळली आणि मी शिकायला लागलो. पुस्तकं इंग्रजी, पण चित्रं सगळ्या भाषेत सारखीच असतात. जे समजलं ते सांगतो, कारण तुमच्यापैकी बरेच जण रोज त्याच्यासमोर बसता.

पुढच्या दोन सीटच्या मधे, गिअरच्या दांडीच्या आसपास, तळहाताएवढा एक डबा बसवलेला असतो. गाडीच्या नाकात एक-दोन सेन्सर असतात. चाक खड्ड्यात आदळलं, कुत्रं आडवं आलं म्हणून करकचून ब्रेक मारला, तर डबा गप्प राहतो. खरी धडक बसली तर तो एअरबॅगला विजेचा झटका देतो. एअरबॅगच्या पाठीमागं एका डबीत पेटणारं रसायन असतं. ते पेटतं, त्याचा वायू होतो आणि घडी घालून ठेवलेली नायलॉनची पिशवी स्टिअरिंगचं झाकण फाडून बाहेर येते. पापणी मिटून उघडायच्या आत हे सगळं उरकलेलं असतं. पिशवीला मागून भोकं असतात, त्यातून वायू लगेच निघूनही जातो, म्हणून माणूस तिच्यात रुततो, चेंडूसारखा उडून परत येत नाही.

पण हे सगळं बेल्ट लावलेल्या माणसासाठी. बेल्ट माणसाला धरून ठेवतो आणि पिशवी त्याचं डोकं आणि छाती झेलते. बेल्ट नसला तर माणूस आधीच पुढं सरकलेला असतो आणि पिशवी नेमकी फुगतानाच त्याच्या तोंडावर येते. माझ्या मनगटाला विचारा ती कशी येते. लेकराला मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसणाऱ्या आयाबाया बघितल्या की मी सिग्नलला सुद्धा काच खाली करून सांगतो, ताई, मागं बसा. दवाखान्यातून बाळंतीण घरी आणताना तर हमखास तिला मानानं पुढं बसवतात, बाळ मांडीवर. मान राहू द्या, तिला मागं बसवा. निम्म्या जणी माझ्याकडं वेड्यासारखं बघतात, पण मी सांगायचं सोडत नाही.

आता शेजारच्या सीटचं. तिच्या कव्हरखाली एक पातळ चटई असते, पापडाएवढी पातळ. कुणी बसलं की वजनानं तिचे पत्रे एकमेकाला टेकतात आणि डब्याला कळतं, माणूस बसला. काही महागड्या गाड्यांत वजन बघूनच ठरतं की त्या बाजूची एअरबॅग उडवायची का नाही, म्हणजे सीट रिकामी असेल किंवा लहान मूल असेल तर उडवत नाहीत. आपल्याकडच्या बहुतेक साध्या गाड्यांत मात्र ती चटई बेल्टची आठवण करून देण्यापुरतीच असते. बसलात आणि बेल्ट नाही लावला, तर टुंग टुंग वाजत राहते.

नवी पेठेतले एक कापडाचे शेठजी आहेत, ते या टुंग टुंगला लई वैतागले होते. ते शेजारच्या सीटवर कापडाचे तागे ठेवायचे आणि चटईला तागे म्हणजे माणूसच. मी म्हटलं, शेठजी, चटईची काही चूक नाही, तागे मागं ठेवा नाहीतर त्यांना बेल्ट लावा. ही थट्टा त्यांनी मनावर घेतली. पुढच्या आठवड्यात गाडी दारात उभी राहिली, बघतो तर ताग्यांना व्यवस्थित बेल्ट लावलेला आणि शेठजी स्वतः मोकळेच. त्यांचा बेल्ट पाठीमागून खटक्यात अडकवून ठेवलेला होता, वाजू नये म्हणून. मी हात जोडले. म्हटलं, कापड दुसरं मिळेल हो.

लोकांना हसायला मला सोपं जातं. पण ज्या दिव्याबद्दल मी सुरुवातीला बोललो, त्याच्याशी मी स्वतः जे केलं त्यात हसण्यासारखं काही नाही.

किल्ली फिरवली की तो दिवा काही सेकंद लागतो आणि विझतो. तेवढ्या वेळात डबा प्रत्येक एअरबॅगच्या वायरमधून अगदी थोडी वीज सोडून बघतो. वीज ठरलेल्या मापानं अडली, की त्याची खात्री पटते की एअरबॅग जागेवर आहे आणि दिवा विझतो. विजेच्या या अडण्याला आम्ही रेझिस्टन्स म्हणतो. गोम इथंच आहे. डब्याला पिशवी दिसत नाही, त्याला फक्त रेझिस्टन्स कळतो. आणि त्याच मापाचा रेझिस्टन्स, तांदळाच्या दाण्याहून जरा मोठा, बाजारात दोन-चार रुपयांना मिळतो. तो पिवळ्या प्लगमध्ये बसवला, की पिशवी असो वा नसो, डबा खुश आणि दिवा गप्प.

हे पहिल्यांदा मी मानेसाहेबांच्या गाडीला केलं. मानेसाहेब पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, स्वभावानं गोड माणूस. अंधारात दिवे नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर त्यांची गाडी मागून गेली. दोन्ही एअरबॅग उडाल्या आणि साहेब नाकाला खरचटण्यापलीकडं काही न होता बाहेर आले. इन्शुरन्स संपलेला होता. पत्रा दुरुस्त झाला, पण दोन नव्या एअरबॅग, डबा आणि बेल्ट मिळून आकडा सांगितला तेव्हा ते स्टुलावर बसले. म्हणाले, "आता कशाला पायजे त्यो फुगा, मिस्त्री. मीच चालवनार, आन गावाच्या भाईर न्हेनार न्हाय. दिवा तेवडा डोळ्यात खुपतोय."

मला त्यांची दया आली. खरंच आली. फाटकी पिशवी कापून टाकली, शौकतभाईंनी स्टिअरिंगचं झाकण आणि डॅशबोर्डची फाटलेली पट्टी इतकी सफाईनं जोडली की बोट फिरवलं तरी कळू नये. डब्यात धडकेची नोंद राहते, ती पुसून देणारा माणूस आमच्या ओळखीचा होता. मी पिवळ्या प्लगांत रेझिस्टन्स बसवले. जाता जाता साहेब म्हणाले की सीटवर बाजाराची पिशवी ठेवली तरी वाजतं, मग शेजारच्या सीटखालचा चटईचा प्लगही काढून ठेवला. त्या गाडीत तो काढला की डबा समजतो, सीट रिकामी आहे. शौकतभाईंनी उरलेल्या नायलॉनची एक मजबूत पिशवी शिवून साहेबांच्या बायकोला दिली. ज्या कापडानं नवरा वाचवला त्यात ती माउली पुढं भाजी आणायची. तेव्हा आम्हाला ते फार भारी वाटलं होतं.

मग एकानं दुसऱ्याला सांगितलं. अशा सात गाड्या केल्या मी. सगळे गरजू, सगळे म्हणणार, मीच चालवणार. सातव्या गाडीनंतर मी बंद केलं, तेही कुठला साक्षात्कार झाला म्हणून नव्हे, तर नव्या गाड्यांचे डबे हुशार झाले म्हणून.

गेल्या वर्षी शाळा सुरू झाल्यावर शिंदे मॅडम आल्या. बार्शीला शिक्षिका आहेत, राहायला सोलापुरात, रोज अप-डाऊन. आणखी तिघी शिक्षिका त्यांच्याच गाडीतून जातात. गाडी जुनी घेतलेली. हॉर्न वाजत नाही, एवढीच तक्रार. बार्शी रोडला हॉर्नशिवाय जाणं म्हणजे अवघडच, म्हणून शाळेतून परस्पर माझ्याकडं आल्या होत्या. शेजारच्या सीटवर शबाना मॅडम होत्या, त्यांना सहावा महिना लागलेला. मागच्या सीटवर दणके बसतात म्हणून सगळ्यांनी मिळून त्यांना पुढची जागा दिली होती.

हॉर्नची वायर स्टिअरिंगमधून येते. स्टिअरिंग फिरतं, वायर फिरू शकत नाही, म्हणून मधे गुंडाळलेली एक चपटी पट्टी असते, ती उलगडते आणि गुंडाळते. एअरबॅगची वायरही त्याच पट्टीतून जाते. त्यामुळं पट्टी तुटली की हॉर्न जातो आणि बहुधा लाल दिवा लागतो. मी किल्ली फिरवली. दिवा लागला आणि शहाण्यासारखा विझला. म्हटलं, असेल, एकच तार तुटली असेल. बॅटरी काढली, ठरल्याप्रमाणे थोडा वेळ थांबलो, कारण डब्यात वीज साठून राहते, आणि मग झाकण उघडलं.

आत पिशवी नव्हती. पट्टी पार तुटलेली, म्हणजे दिवा विझायलाच नको होता. मी स्टिअरिंगखाली डोकं घातलं, पिवळा प्लग शोधला, त्याच्यावर काळं सूत गुंडाळलेलं होतं आणि सुताला विणकराची गाठ होती.

सगळे वायरमन टेप लावतात. आपल्या उन्हाळ्यात टेपचा गोंद पाघळतो आणि सगळा चिकट काला होतो, म्हणून मी मागाचं सूत वापरतो आणि वडिलांनी शिकवली ती तुटलेला धागा जोडायची गाठ मारतो. अख्ख्या सोलापुरात वायरला तशी गाठ मारणारा दुसरा माणूस मला माहीत नाही. रंग बदललेला होता, पण या मॉडेलची गाडी मी एकच केली होती, मानेसाहेबांची. साहेब तर मागंच वारले. मुलाला काय माहीत असणार, त्यानं विकली, घेणाऱ्यानं पुढं विकली, आणि दर वेळी किल्ली फिरवल्यावर दिवा विझत होता.

मी उताणा पडलेलो आणि वर शबाना मॅडम शिंदे मॅडमना सांगत होत्या की या सीटची घंटी कधी वाजत नाही, पण मी न चुकता बेल्ट लावते हं. त्या डब्याच्या लेखी शबाना मॅडम गाडीत कधी बसल्याच नव्हत्या. आणि त्यांच्यासमोर डॅशबोर्डच्या आत काही नव्हतं, शौकतभाईंची शिलाई तेवढी होती.

मी काय करायला पाहिजे होतं ते पोरालाही कळेल. मी नवी पट्टी बसवली, हॉर्न वाजवून दाखवला, आणि गप्प बसलो. शिंदे मॅडम म्हणाल्या की गाडी तुमच्या हातून गेली की मला काळजी नसते, भावानं सांगितलं होतं, अंबादास मिस्त्री फसवत नाही. गाडी गेली. चाळीस वर्षांची अब्रू वाचली म्हणून मी चहा मागवला आणि तो मला गेला नाही.

दोन दिवस मी काम केलं म्हणायचं, पण एक वायर धड जोडली नाही. जेवताना बायकोनं तेलुगूत विचारलं, एमैंदी, काय झालं. मी सांगितलं. ती ताटावरून उठली नाही, ओरडली नाही, फक्त म्हणाली, ती पोरगी उद्या पण त्याच सीटवर बसणार ना. शौकतभाईंना सांगितलं तर त्यांचा हात मशीनवरच थांबला. त्यांच्या सुनेलाही तेव्हा सहावाच महिना होता. म्हणाले, "टाका तुम्ही मारला असता तर तुम्ही एकटे गेला असता. टाका माझा आहे. मी पण येतो."

सकाळी साडेसहाला त्या चौघी जुन्या पुणे नाक्याजवळ जमतात. आम्ही दोघं म्हातारे सहालाच जाऊन उभे राहिलो. गाडी आली, सगळ्या बसल्या, शबाना मॅडम पुढं. मी बोनेटवर हात ठेवला, मला वाटलं तसं नाही केलं तर मी परत पळून जाईन. शिंदे मॅडमनी काच खाली केली, हसून म्हणाल्या, मिस्त्री, हॉर्न छान वाजतोय.

मी म्हटलं, "मॅडम, या गाडीत एअरबॅग नाहीत. दोन्ही नाहीत. मीच काढून दिवा घालवलाय. हॉर्न केला त्या दिवशीच मला दिसलं आणि मी तुम्हाला सांगितलं नाही."

त्यांना आधी समजलंच नाही. मी सगळं पुन्हा सांगितलं, मानेसाहेब, ट्रॉली, रेझिस्टन्स, सगळं. शौकतभाईंनी दार उघडून डॅशबोर्डवरची शिलाई बोटानं दाखवली, हे माझं काम. मागच्या दोघी एकमेकींकडं बघत होत्या. शबाना मॅडमनी बेल्ट सोडला, एक हात पोटावर ठेवून सावकाश उतरल्या आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. त्या रागावल्या असत्या, चार शब्द सुनावले असते, तर मला बरं वाटलं असतं.

शिंदे मॅडम म्हणाल्या, "त्या दिवसापासून आम्ही चार वेळा गेलो-आलो, मिस्त्री. चार वेळा."

मी मान खाली घातली. मला रडू आलं ते मी लपवलं नाही. त्या चौघी त्या दिवशी एसटीनं बार्शीला गेल्या, किल्ली माझ्या हातात देऊन. किल्ली कशी दिली त्यांनी, मला अजून कळत नाही. दोन नव्या एअरबॅग, डबा, दोन्ही बेल्ट, चटईचा प्लग, सगळं मी माझ्या खर्चानं बसवलं, कंपनीच्या माणसाकडून तपासून घेतलं आणि कागद मॅडमच्या हातात दिला. त्यांनी कागद नीट वाचला, मग पेपर तपासताना विचारावं तसं विचारलं, अशा किती गाड्या आहेत. मी म्हटलं, तुमची धरून सात. त्या म्हणाल्या, मग सहा राहिल्या.

तेव्हापासून रविवारी आम्ही दोघं गाड्या शोधत फिरतो. एक भंगारात सापडली, तिची काळजी मिटली. तीन सोलापुरातच मिळाल्या. एक मालक पोलिसांत जातो म्हणाला, मी म्हटलं, जा, पण आधी गाडी माझ्याकडं लाव, मग जा. गेला नाही, पण आजही तो मला बघून रस्ता बदलतो. त्याचं बरोबर आहे.

एक जेऊरला निघाली. स्टेशनवरून गावात माणसं सोडणारा धनगर समाजाचा एक गडी, मेंढरं भावाला देऊन गाडी घेतलेली. त्याला सगळं समजावलं तर तो खो खो हसला. म्हणाला, "फुग्याबिगर गाडी पळतीया की. न्हाय तर न्हाय." शौकतभाई गाडीभोवती फिरले आणि विचारलं, पुढं कोण बसतं. तो म्हणाला, नातू बसतो की, त्याला रस्ता बघायला आवडतं. त्यानं नातवाला हाक मारली, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "व्हय, न्या गाडी. कवा देताय?" आम्ही त्याला एअरबॅग बसवून दिली आणि वर बजावून सांगितलं की आता तर नातवाला मागंच बसवायचं, बेल्ट लावून. तो म्हणाला, आधी नव्हता तवा पुढं नगं, आता हाय तरी पुढं नगं, मग फुग्याचं करायचं काय. मी सांगितलं, तो तुझ्यासाठी आहे रे बाबा. नातवाला आजोबा पायजेत का नकोत.

शबाना मॅडमना मुलगी झाली. बारशाला आम्हाला बोलावणं येईल असं मला वाटलं नव्हतं आणि ते आलंही नाही. शिंदे मॅडमची गाडी मात्र अजून माझ्याकडंच येते. त्या आता मला प्रत्येक वायर काढून दाखवायला लावतात. मी दाखवतो.

सातवी गाडी सापडलेली नाही. छोटी तांबडी गाडी होती. मागच्या डाव्या दाराच्या काचेवर आतून एक बदकाचं चित्र चिकटवलेलं होतं, ते आता निघालंही असेल, रंगही बदलला असेल. आरटीओत विचारलं, कागदावरचा मालक लातूरकडं निघाला. त्याला गाठलं तर म्हणाला, विकली, घेणाऱ्याचं नाव आठवत नाही. तिथून पुढं वाट बंद झाली. मी अंकवाल्यांना हो म्हणालो ते यासाठी, कारण हा अंक बऱ्याच गावांत जातो.

तेव्हा जुनी छोटी गाडी घेतलेल्या माझ्या वाचकांनो, तुमच्या गाडीचा दिवा लागत असेल आणि विझत असेल. त्याच्यावर जाऊ नका, तसं करायला मीच त्याला शिकवलंय. शेजारी कुणी बेल्ट न लावता बसलं तरी घंटी वाजत नसेल, डॅशबोर्डच्या डाव्या बाजूला बारीक शिलाईची रेघ दिसत असेल, तर गाडी जवळच्या जाणत्या वायरमनकडं न्या. माझ्याकडंच आणा असं नाही. आणली तर मी सगळं नवं बसवून देईन आणि तुम्ही जे बोलाल ते ऐकून घेईन. फक्त येताना सावकाश या, आणि शेजारच्या सीटवर कुणाला बसवू नका.